फक्कीच्या रेघांचा कारखाना

तमाम नागरिक, कामगार बंधुभगिनी, फवारणी पंप पाठीवर वागवणारे शेतकरी आणि सर्व लहानथोर अधिकारी यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कारेगावच्या शिवाराला चिकटलेल्या औद्योगिक वसाहतीत, दहा गुंठ्यांच्या एका सरकारी भूखंडावर, आम्ही सव्वा वर्ष एक कारखाना चालवला. या कारखान्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, वीज नव्हती आणि यंत्रंही नव्हती. उत्पादन शून्य. अपघात शून्य. संप एक, आणि तोही यशस्वी. कारखान्याचे संस्थापक, मालक, मुख्य अभियंता आणि सफाई कामगार श्री. उत्तम गायकवाड हे दोन महिन्यांपूर्वी...

लिहिलेलं मोठ्यानं वाचून पाहतो, तेव्हा इथपर्यंत माझा आवाज छान लागतो. पुढच्या शब्दाला बसतो. चारचौघांत उठून बोलायची सवय असलेला माणूस मी. तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवतो, शिरूरला राहतो, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवतो आणि जत्रेतल्या नाटकात कुणी राजा आजारी पडला तर आयत्या वेळी राजाही होतो. पण या एका वाक्याला मला कुणी विंगेतून शब्द पुरवत नाही.

बातमी आली तेव्हा मी तळेगावच्या आठवडे बाजारात मेथीच्या दोन जुड्यांवरून एका बाईशी हुज्जत घालत होतो. फोन वाजला. पडद्यावर उत्तमचं नाव. आमची एक रीत होती. त्याचा फोन आला की मी ‘हॅलो’ म्हणायचं नाही. नाकातून, फायलीवरची धूळ झटकल्यासारख्या आवाजात म्हणायचं, “बोला, भूखंड वाटप विभाग. अर्ज क्रमांक सांगा.” मग तो पलीकडून म्हणणार, “सायेब, गरीब मानूस हाय, पदरात घ्या.” मग दोघं हसणार, आणि मग कामाचं बोलणं. त्या दिवशीही मी तसाच सुरू झालो. मेथीवाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. पलीकडून आवाज येईना. प्रेक्षक मिळाला की मी चढतो, हा माझा जुना दोष. मी आणखी नाक दाबून म्हणालो, “अर्ज क्रमांक नसल्यास आपली फाईल बंद करण्यात येईल.”

तेव्हा पलीकडून त्याची मुलगी प्रज्ञा म्हणाली, “काका, पप्पा गेले.”

पहिल्या पाळीला जाताना, कंपनीच्या बसमध्ये, खिडकीच्या काचेला डोकं टेकवून. शेजारच्याला वाटलं झोपलाय. गेटवर सगळे उतरले, हा उतरला नाही. एवढंच. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या, कधी साधा दवाखाना न पाहिलेल्या माणसाचं मरण एवढंच... आणि त्याच्या फोनमध्ये शिरलेलं माझं शेवटचं वाक्य, फाईल बंद करण्यात येईल. तेव्हापासून कुणाचाही फोन आला की माझा घसा आपोआप आवाज बदलायच्या तयारीला लागतो. मग मी दचकतो आणि साधं ‘हॅलो’ म्हणतो. ते माझ्याच कानाला खोटं वाटतं.

आमची ओळख दौंडची. रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टर्स एका ओळीत होती. माझे वडील मालगाडीचे गार्ड, त्याचे वडील शेडमध्ये खलाशी. आम्ही दोघंही गाड्यांच्या शिट्ट्यांवर उठलो, जेवलो आणि मार खाल्ला. उत्तम सातवीत असताना त्याच्या वडिलांची नोकरी संपली. क्वार्टर सोडायची मुदत संपली, ती वाढवून मिळाली, तीही संपली; आणि गावात भाड्याची खोली काही मिळेना. एका सकाळी कार्यालयातला एक माणूस यादी घेऊन आला. उत्तमची आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तो म्हणाला, “बाई, उठा आता. पुढचा मानूस सामान घेऊन उभाय.” तो काही दुष्ट नव्हता. पुढचा माणूस खरंच उभा होता, हातगाडीवर पलंग आणि पलंगावर म्हातारी घेऊन. उत्तमची आई सूप तसंच हातात धरून उठली. हे त्यानं मला चाळीस वर्षांत दोनदाच सांगितलं. पण तो कुठंही बसायच्या आधी विचारायचा, “हितं बसलं तर चालंल ना?” माझ्या घरीसुद्धा. माझ्या लग्नात, नवरदेवाच्या मित्रांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवरसुद्धा.

पुढं तो आयटीआय करून कारेगावला आला, एका मोठ्या कंपनीच्या टूल रूममध्ये लागला, आणि पंचवीस वर्षं तिथंच राहिला. भाड्याच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत त्यानं स्वतः बनवलेली एक हातानं फिरवायची फिरकी होती. तार अडकवायची, दांडा फिरवायचा, स्प्रिंग तयार. पाठीवरच्या फवारणी पंपांना लागतात त्या बारीक स्प्रिंगा. बाजारातल्या स्प्रिंगा औषधानं दोन महिन्यांत गंजायच्या, उत्तमच्या टिकायच्या. आसपासचे फूलवाले, भाजीवाले शेतकरी पंप घेऊन दारात यायचे. त्या स्प्रिंगा वळायच्या सविता वहिनी. उत्तम कामावर आणि वहिनी फिरकीवर. घरमालकाची झोपमोड व्हायची. त्यानं तीनदा सांगून पाहिलं, चौथ्यांदा म्हणाला, “हे धंद्याचं सामान काढा, न्हाईतर खोली सोडा.” उत्तमनं त्या दिवशी ठरवलं की स्वतःची जागा पाहिजे. विकत घ्यायची ऐपत नव्हती. पण सरकारच्या औद्योगिक महामंडळाकडून जागा भाडेपट्ट्यानं मिळते, पंच्याण्णव वर्षांसाठी, हे त्याला कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं आणि तो आकडा त्याच्या डोक्यात घर करून बसला. मला येऊन म्हणाला, “मास्तर, पंच्याण्णव वर्सं! म्हंजी मेल्यावर बी मी हितलाच.”

मी तेव्हा हसलो होतो.

राखीव भूखंडांची जाहिरात आली, तेव्हा त्यानं अर्ज केला. टूल रूममधला एकजण म्हणाला, “तुमचं बरंय गायकवाड, तुम्हाला फुकटात.” उत्तमनं कानस खाली ठेवली, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “फुकट न्हाई बाबा, भाड्यानं. आन् माझ्या बापाला क्वार्टर सोडून पस्तीस वर्सं झाली, तवाधरनं रांगेत उभा हाय मी. तुझा नंबर कितवा?” तो माणूस नंतर त्याच्या अर्जाला साक्षीदार म्हणून सही द्यायला तयार झाला. साक्षीदार लागत नव्हता, तरी उत्तमनं त्याची सही घेऊन ठेवली. माणूस हातचा जाऊ नये म्हणून.

अर्जदाराला समितीपुढं मुलाखत असते. इथं माझा प्रवेश झाला. मी म्हटलं, तालीम केल्याशिवाय तुला पुण्याला पाठवणार नाही. त्याच्या खोलीत कॉटवर मी मांडी घालून बसलो, तीन अधिकाऱ्यांची समिती मी एकटाच, तीन आवाजांत. “कामगार किती?” “आधी दोन, मग सा.” “पाणी किती लागेल?” “प्यायापुरतं, सायेब. स्प्रिंगला तहान लागत न्हाई.” “असं उत्तर समितीपुढं देता?” मी कडाडलो. “मग काय देऊ, तिला सरबत पाजीन म्हणू?” आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला आणि फिरकी थांबली. आठ रविवार आम्ही हे केलं. सांडपाणी, प्रदूषण, भांडवल, बाजारपेठ, सगळं पाठ. आणि खऱ्या मुलाखतीत त्यांनी कागद चाळले, दोन-तीन साधे प्रश्न विचारले आणि एका बाईसाहेबांनी शेवटी सहज म्हटलं, “प्लॉट मिळाला तर पहिलं काय कराल?” हे आमच्या तालमीत नव्हतं. उत्तम म्हणाला, “जरा बसंन, म्याडम.”

मिळाला. आता तो मुलाखतीमुळं मिळाला, की कागदपत्रं चोख होती म्हणून, की वाटपासाठी भूखंड होते म्हणून, हे मी सांगू शकत नाही. मी गावभर सांगितलं, माझ्या दिग्दर्शनामुळं.

ताबा घ्यायच्या दिवशी भूमापक आला, त्यानं तिपाईवरचं यंत्र लावून चार कोपऱ्यांचे दगड दाखवले, ताबा पावतीवर सह्या घेतल्या आणि मोटरसायकलवर बसून गेला. उरली ती कुसळांची, दगडगोट्यांची, मधोमध एक बोरीचं झुडूप असलेली जमीन. वहिनींनी आणि प्रज्ञानं बुद्धवंदना म्हटली. खीर वाटली, एक वाटी शेजारच्या कंपनीच्या रखवालदारालाही. आणि उत्तम बसला. बोरीच्या सावलीत, चक्क मांडी घालून, कुणालाही न विचारता. अर्धा तास झाला. वहिनी म्हणाल्या, “आवं, उठा की, खीर गार व्हतीया.” तो डोळे मिटून म्हणाला, “हूं दे गार. उठायची सवय मोडायची हाय आता.”

भाडेपट्ट्यात एक अट असते. दिलेल्या मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला घ्यायचा. नाही घेतला, तर भूखंड परत जाऊ शकतो. म्हणजे पंच्याण्णव वर्षं तुमचीच, पण आधी ही थोडी वर्षं पार करा. ही अट त्यानं मला वाचून दाखवली, तेव्हा त्याचा आवाज थोडा खाली गेला. ‘उठा आता’ म्हणायला पुन्हा कुणीतरी यादी घेऊन येऊ शकतं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

बांधायची घाई त्याला होतीच. पण टूल रूमच्या माणसाची एक पद्धत असते. लोखंड कापायच्या आधी त्यावर रेघा मारायच्या, मोजायच्या, पुन्हा मोजायच्या. “आखणी चुकली की माल गेला,” तो म्हणायचा. नकाशा त्यानं स्वतः कागदावर काढला होता. पण कागदावर त्याला समाधान होईना. “कागदावर आकडा कळतो, मास्तर. जागा अंगाला कळाय पायजे.” मी म्हटलं, मग खऱ्या मापाचा नकाशा जमिनीवरच काढू. रंगमंचावर आम्ही तसंच करतो; घर बांधलेलं नसतं, खडूनं आखलेलं असतं, आणि नटांना भिंती पाठ असतात. मैदान आखायची शाळेची अर्धं पोतं फक्की मी क्रीडाशिक्षकाला न सांगता उचलली. (ते हे वाचणार आहेत. त्यांना नमस्कार.) आणि एका रविवारी सकाळी आम्ही कारखाना आखला. इथं तार, इथं वळणयंत्र, इथं भट्टी, इथं तपासणी, इथं मालकाचं टेबल. दार रस्त्याच्या बाजूला, आठ फुटी.

आणि नियम असा की आत यायचं तर दारातून. रेघ ओलांडायची नाही. उत्तम याबाबत इतका कडक होता की हसू यायचं आणि मग येईनासं व्हायचं. शेजारचा रखवालदार, बिहारकडचा म्हातारा माणूस, एकदा चहा घ्यायला सरळ भट्टीच्या बाजूनं आत आला. उत्तम हातातला कप खाली ठेवून म्हणाला, “चाचा, दीवार में से कैसे आये? दीवार में से तो सिर्फ भूत आता है.” चाचा तीन पावलं मागं गेला, वळसा घालून दारातून आला, आणि आत शिरताना त्यानं मान थोडी खाली घातली. चौकट डोक्याला लागू नये म्हणून!

मग दर रविवारी कारखाना चालू. मी एका दिवशी वीज मंडळाचा माणूस, एका दिवशी घासाघीस करणारा साताऱ्याचा व्यापारी, एका दिवशी अचानक आलेला तपासनीस. प्रज्ञा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती, ती सुरक्षा अधिकारी. उत्तम नसलेल्या यंत्रापुढं उभा राहून नसलेली तार ओढायचा आणि मग दोन पावलं मागं सरून म्हणायचा, “न्हाई जमत. तार ओढताना कोपर भिंतीला लागतंय.” कोपर खरंच रेघेवर आलेलं असायचं. रेघ पुसायची, फूटभर सरकवायची. संप झाला तो तिसऱ्या का चौथ्या रविवारी. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि आत येईनात. “का वं?” उत्तम म्हणाला. “बाईमानसानं दिवसभर काम करायचं तुमच्या कारखान्यात, तर संडास कुठाय?” आम्ही दोघांनी नकाशाकडं पाहिलं. सगळं होतं, मालकाची खुंटीसुद्धा होती, संडास नव्हता. मी तडजोड करायला गेलो. वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमी गप बसा, तुमी रविवारचे.” दुपारी बारापर्यंत संडास आखला गेला. बायकांचा वेगळा. मालकाचं टेबल गेलं.

आणि मग ती चूक, जी फक्त आम्हीच करू शकत होतो. सात-आठ महिने आम्ही जो कारखाना आखत, पुसत, सरकवत आणलेला होता, तो कोपऱ्याच्या दगडापासून कोपऱ्याच्या दगडापर्यंत होता. आयुष्यात पहिल्यांदा जमीन मिळालेला माणूस. तो तिचा वीतभर तुकडा तरी कशाला सोडेल? मंजुरीसाठी नकाशा घेऊन आम्ही शिरूरला एसटी स्टँडच्या मागं एका आर्किटेक्टकडं गेलो. त्यानं तो पाहिला, चष्मा काढला. “चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते. नियम आहे.” उत्तम म्हणाला, “म्हंजी जागा माझी, पन पाय ठिवायचा न्हाई?” “पाय ठेवा हो. भिंत ठेवू नका.” परतीच्या वाटेवर तो जीपमध्ये नकाशाची घडी उलगडत आणि मोडत राहिला. पुढच्या रविवारी सगळा कारखाना आत ओढून नव्यानं आखला. छोटा झाला होता. पण उत्तम दारातून आत आला, मधोमध उभा राहिला, हात पसरून गोल फिरला आणि म्हणाला, “लागत न्हाई कोपर. बसतंय.”

तिथं थांबायला हवं होतं. तिथं कुदळ मारायला हवी होती... हे मी आता लिहितोय, आणि हे लिहिण्यासाठीच हा लेख लिहितोय. बँकेचे कागद उशिरा झाले, हे खरं. पावसाळा लांबला, हेही खरं. सगळे मला हेच सांगतात. पण मला माहीत आहे. मला त्या रविवारांची चटक लागली होती. पन्नाशीच्या माणसाला असं नाटक कुठं मिळतं, जिथं प्रेक्षक नाहीत, पडदा नाही, आणि लहानपणचा मित्र समोर उभा राहून नसलेली तार खरी असल्यासारखी ओढतो? भिंती उभ्या राहिल्या की माझं पात्र संपणार होतं. एका रविवारी उत्तम म्हणाला, “मास्तर, तुझं नाटक पुरं आता. पुढच्या रविवारी फक्की न्हाई, कुदळ.” मी म्हटलं, “एक तालीम राहिलीय. माल भरायला ट्रक आला तर वळतो का ते बघायचंय.” तो माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी मी हरलेला डाव पुन्हा मागायचो, तेव्हा बघायचा तसा. मग म्हणाला, “बरं.” पुढच्या रविवारी मी ट्रक झालो. त्याच्या पुढच्याही. मुदत संपत आली तेव्हा त्यानं मुदतवाढीचा अर्ज टाकला, पाया खणायला माणसं सांगितली, आणि त्याच आठवड्यात त्या बसमध्ये बसला.

दौंडला त्याच्या थोरल्या भावाकडं पुण्यानुमोदन झालं. जमलेल्या नातेवाइकांत प्लॉटचा विषय निघाला. मुदत संपत आलेली, बांधकाम शून्य, मालक गेलेला. थोरला भाऊ प्रेमानंच म्हणाला, “सविता, परत करून टाक. त्या वसाहतीत बाईमानसानं एकटीनं कुठं कारखाना काढायचा?” मी मनात म्हटलं, बरं होईल. तिकडं जावं लागणार नाही. होय, हेही मीच म्हटलं.

तरीही तिसऱ्या आठवड्यात गेलो. भर दुपारी, ऊन असं की शेजारच्या पत्र्यांकडं बघवत नव्हतं. मोटरसायकल लावली तर चाचा फाटकातून उठून आला. “मास्टरजी, बहुत दिन बाद? आपके साहब तो रोज आते हैं.”

मी म्हटलं, “कोण साहेब?”

“अरे गायकवाड साहब. दोपहर में. वही नीली शर्ट, वही टोपी. अंदर खड़े रहते हैं. मैं यहाँ से सलाम करता हूँ, जवाब नहीं देते.”

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो गावी गेला होता, चार-पाच दिवसांपूर्वीच परतलेला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मला समोर दिसलं. उन्हाच्या झळांच्या पलीकडं, रेघांच्या आत, निळा शर्ट. कंपनीचा, पाठीवर घामाचा तोच पट्टा. डोक्यावर टोपी. वाकून काहीतरी करत असलेला... हातात फक्की. मला धावावंसं वाटलं, त्याच्याकडं की त्याच्यापासून, ते कळेना. धावलो मात्र नाही. पाय सरळ गेले नाहीत. वळसा घालून, आठ फुटी दारापाशी जाऊन थांबले. भिंतीतून भूत येतं, मी नाही.

निळ्या शर्टानं मान वर केली. वहिनी होत्या. साडीवर उत्तमचा शर्ट, शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका घालतात तसा, आणि पदरावरून त्याची टोपी. वेड्या बाईसारख्या नाही. कामाला आलेल्या बाईसारख्या. त्यांच्या मागं, जिथं वळणयंत्राची जागा आखलेली होती, बरोब्बर तिथं, चार बांबूंवर ताडपत्री बांधून खाली ती हातफिरकी मांडलेली होती.

“रेघा पुसत चालल्या व्हत्या,” त्या म्हणाल्या. मग माझ्या पायांकडं बघून म्हणाल्या, “तुमी बी दारातनंच आलात की, भावजी.”

मी खाली बसलो. तिथंच, उंबरठ्यावर. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ट्रकचं, एक तालीम राहिलीय म्हणाल्याचं, फोनवर फाईल बंद म्हणाल्याचं. वहिनी फिरकीवर तार अडकवत ऐकत होत्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, “व्हय, तुमच्यानं उशीर झालाच.” एवढंच. ‘तसं नव्हे हो’ नाही, ‘मनाला लावून घेऊ नका’ नाही. मला आयुष्यात कुणी एवढं सरळ मोजून दिलं नव्हतं. मग म्हणाल्या, “आता सोमवारपासनं सुट्ट्या हायेत ना शाळंला? खड्डे खणाय मानसं यायची हायेत. लक्ष ठिवाय कुनीतरी पायजे.”

प्रज्ञानं आणि मी कागद केले. वारसाचा अर्ज एका टेबलावर, उत्तमनं टाकलेला मुदतवाढीचा दुसऱ्या. खिडकीतल्या कारकुनानं कुठली प्रत जोडायची ते नीट समजावून दिलं. मी नाकातून बोलणारे अधिकारी किती रंगवले होते, आणि हा मनुष्य तर नाक न दाबता अगदी स्वच्छ बोलत होता. इकडं खड्डे झाले, सळया उभ्या राहिल्या. दोन खांबांचं काँक्रीट पडलं. बाकी सगळीकडं फक्कीच. दिवसभर मुकादमावर ओरडायचो आणि गवंडी रेघ ओलांडून गेला की चमकून बघायचो. उत्तम कुठूनही येऊ शकतो आता, हे मला राहून राहून वाटायचं. आता त्याला दार लागत नाही. एकदा दुपारी मी स्पष्ट ऐकलं, ‘न्हाई जमत’. वळून बघितलं तर कुणी नाही. पण मोजलं तर खांब खरंच चार बोटं बाहेर होता.

वाचकांच्या जिवाला घोर नको म्हणून शेवट आधी सांगून टाकतो. मुदतवाढ मिळाली. पत्र गेल्या आठवड्यात आलं. वहिनींनी ते मला वाचायला लावलं, आणि मी ते साध्या आवाजात वाचलं. वारसाचा अर्ज दुसऱ्या टेबलावर आहे, तोही होईल. उत्तरेकडची भिंत कमरेइतकी आली आहे. परवा तिच्यावर कोपर टेकवून पाहिलं. पण मला सांगायचं आहे ते पत्राच्या आधीचं, पाहणीच्या दिवसाचं.

जागेवर काम चालू आहे की नाही हे बघायला महामंडळाचा एक तरुण अधिकारी आला. त्याच्या हातात मुदतवाढीची फाईल होती. उत्तम गेल्याचा कागद दुसऱ्या टेबलावर, त्यामुळं त्याला काहीच माहीत नव्हतं. मी रात्रंदिवस भाषण तयार केलं होतं. दिवंगत मित्राची जिद्द, वहिनींचे कष्ट, शेवटी गळा दाटून दोन सेकंद स्तब्धता. अधिकारी दाराबाहेर थांबला. का थांबला, कोण जाणे. रेघा पाहून असेल, पाय आपोआप थांबले असतील. त्यानं फाईल उघडली, बोट ठेवून नाव वाचलं आणि आत बघून मोठ्यानं विचारलं, “उत्तम गायकवाड कोण?”

मी तोंड उघडलं आणि पहिला शब्दच विसरलो. प्रज्ञा जमिनीकडं बघायला लागली. गवंड्यांची थापी थांबली. शेजारी चाचा फाटकात उभा राहिला. फक्त फिरकीचा आवाज येत होता. ताडपत्रीखाली, आमच्याकडं पाठ करून, निळ्या शर्टात वहिनी तार वळत होत्या. आलेला माणूस कोण, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं. दारात कुणीतरी नवऱ्याचं नाव घेतलं, एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं. मान न वळवता, हातातला दांडा न थांबवता, पंचवीस वर्षं दारात पंप घेऊन आलेल्या प्रत्येकाला दिलेल्या सुरात त्या बोलून गेल्या, “आत हायेत. हात धुत्यात, आलेच!”